पितळी पत्रा

“पितळेला काही झालं नाही ना रे?” बाबांनी गॅरेजच्या दारातूनच विचारलं. मी चालकाच्या बाजूचं दार काढून ठेवलेल्या गाडीत गुडघ्यांवर बसलो होतो आणि तो पत्रा माझ्या हातात होता. दोन वीत लांब, वीतभर रुंद, कडा कानशीनं घासून गोल केलेल्या. पायाखालचं कडक झालेलं रबर सोलून काढल्यावर डांबराच्या थराखाली तो सापडला होता. आठ पितळी स्क्रू आणि आठांच्याही डोक्यांवरच्या खाचा एकाच दिशेला, गाडीच्या नाकाकडे वळवलेल्या. हे काम कोणाचं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक बिजागरीचे, प्रत्येक स्विचबोर्डाचे स्क्रू बाबांनी असेच एका ओळीत उभे केलेले आहेत. स्क्रू काढायला फार जोर लागला नाही, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. पत्रा उचलला तर त्याच्यासोबत गाडीची जमीनही वर आली. पापुद्र्यांनी, खपल्यांनी, ओल्या पाचोळ्यासारखी. उरलेल्या भोकातून मला गॅरेजची फरशी दिसत होती. मी पत्रा पँटला पुसला, उजेडात धरला आणि म्हणालो, “नाही बाबा. जसाच्या तसा आहे.” त्यांनी समाधानानं मान हलवली. “चांगल्या जाडीचा मिळाला होता तो,” असं म्हणून काठी टेकत ते घरात गेले.

मी खोटं बोललो नव्हतो.

पितळेला खरंच काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते भोवतालच्या लोखंडाला, आणि ते पितळेमुळेच झालं होतं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसले आणि त्यांच्यात ओल शिरली, की त्यांची नकळत एक बॅटरी तयार होते. दोघांपैकी ज्याचे अणू सुटायला जास्त राजी असतात तो झिजत जातो आणि दुसरा शाबूत राहतो. पितळ आणि लोखंड या जोडीत झिजायचं काम लोखंडाकडे येतं. 1761 मध्ये ब्रिटिश नौदलानं ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तळ वाचावा म्हणून. दोनेक वर्षांनी पाहिलं तर पत्रे जागोजागी सुटलेले, कारण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजून गेले होते. काही खिळे मात्र बऱ्या स्थितीत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काढायचा राहून त्या खिळ्यांच्या डोक्याखाली अडकला होता. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये एका कागदाचं अंतर राहिलं, तेवढ्यानं ते खिळे वाचले. ही हकिकत मी फार पूर्वी वाचली होती आणि मला आवडली होती. तो पत्रा हातात धरून बसलो होतो तेव्हा ती आठवली आणि अजिबात आवडली नाही.

गाडी 1954 सालची मॉरिस मायनर आहे. पुढची काच मधोमध दुभागलेली, 803 सीसीचं इंजिन, आणि वळायच्या आधी दाराच्या मागच्या खांबातून ‘टक्’ करून बाहेर येणारा नारिंगी हात. लहानपणी मागच्या सीटवर बसून मी त्या हाताची वाट पाहायचो. बाबा वळण यायच्या बरंच आधी कळ फिरवत; ती माझ्यासाठी फिरवत हे मला खूप नंतर कळलं. चावी फिरवली की पेट्रोलचा विजेचा पंप टिकटिक करायला लागायचा, आधी घाईघाईनं, मग सावकाश, मग गप्प. तो गप्प झाला की बाबा स्टार्टरची मूठ ओढत. आजही शांत घरात एखादं घड्याळ टिकटिकत असेल तर मी ते थांबायची वाट पाहतो.

पुढे बाबांचं कंबरेचं दुखणं वाढलं आणि क्लच दाबणं जमेना. गाडी विकायची नाही, हे त्यांनी ठरवलेलंच होतं. त्यांनी ती स्वच्छ धुतली, कोरडी केली, चाकांपुढे विटा लावल्या आणि वरून जाड ताडपत्री घालून दोरीनं आवळून बांधली. ऊन लागू नये, पाऊस लागू नये, धूळ बसू नये. वर्षातून दोनदा ते गाठी तपासायचे. बावीस वर्षं. ताडपत्री फाटली की नवी, आधीपेक्षा जाड. ताडपत्री पाणी आत येऊ देत नाही तशी वाफ बाहेरही जाऊ देत नाही. जमिनीतली ओल दिवसा वर चढायची, रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन बसायची आणि सकाळी तिला जायला वाट नसायची. गाडी आतल्या आत भिजत होती, रोज, थोडी थोडी. मी ताडपत्री सोडली तेव्हा छत ठीक होतं आणि कमरेखाली जवळजवळ काहीच ठीक नव्हतं. मागच्या डाव्या मडगार्डावर मात्र हात फिरवून मी चकित झालो. तिथला रंग फिका पडला होता, पण खालचा पत्रा टणक होता. त्याच कोपऱ्यात ताडपत्री वाऱ्यानं फाटून कित्येक वर्षं फडफडत राहिली होती. जिथे बाबांच्या हातून राखण राहून गेली, तेवढाच भाग वाचला.

हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं आणि लगेच मला ते सहन झालं नाही.

पहिले काही महिने मी नुसता शोधत होतो. मडकं वाजवून घ्यावं तसा गाडीचा प्रत्येक भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वाजवायचा. चांगला पत्रा खणकतो, गेलेला बद्द वाजतो. मग लोहचुंबक फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. एका ठिकाणी बोटभर जाडीची पुट्टी निघाली, तिच्या आत तारेची जाळी आणि जाळीमागे पोकळी. कुणीतरी भोकाच्या तोंडावर जाळी बसवून वर पुट्टी थापली होती आणि रंग मारून गाडी परत दिली होती. ते काम कुणाचं हे मला माहीत नाही, पण मी त्या माणसावर मनापासून चिडलो. दिसतंय तेवढंच काम केलेलं पाहिलं की मला फसवल्यासारखं वाटतं. त्या चिडीत मी दिवसभर खरवडत होतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून पाणी लावून घासायचं आणि तोंडाला मास्क बांधायचा, एवढं पथ्य मी पाळत होतो. तरी संध्याकाळी जिभेवर लोखंडाची चव यायची. रक्ताची असते तशीच.

गंज ‘चढतो’ असं आपण म्हणतो आणि गंज ‘खातो’ असंही म्हणतो. मला पूर्वी या दोन क्रियापदांत विसंगती वाटायची. एकच गोष्ट चढतेही आणि खातेही कशी? गाडीचा खालचा उंबरा कापून उघडला तेव्हा दोन्ही एकदम समोर दिसलं. लोखंडाचा गंज होताना त्यात हवेतला ऑक्सिजन आणि पाणी येऊन बसतं, त्यामुळे तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टाके घातल्यासारखे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेले असतात. त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत ओल शिरली की तिथे गंज फुगतो आणि पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलत जातो. बाहेरून दिसतो तो रंगाखाली आलेला एक मऊ फुगवटा. आत पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा होता, त्याचा आता कागद झालेला असतो, आणि जागा मात्र बोटभर भरलेली. चढलेलाही दिसतो आणि खाल्लेलंही दिसतं. ज्यांनी हे शब्द पहिल्यांदा वापरले त्यांनी नांगराचे फाळ आणि विळे हातात घेऊन वापरले असणार.

या गाडीला वेगळी चौकट नाही. उंबरे, जमीन, पुढच्या सीटखालून जाणारी आडवी पेटी हे सगळं मिळून तिचा कणा होतो. त्यामुळे कुजलेलं आहे म्हणून सरळ कापत सुटता येत नाही. उंबरा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरके वेल्ड करून घ्यावे लागतात, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. ते पाइप लावून, आखणी करून, ग्राइंडर हातात घेऊन मी तीन रविवार नुसता उभा राहिलो. आतून भीती वाटत होती. ही गाडी बाबांची होती, आणि एकदा कापली की कापली. त्या दिवसांत मला ही मायनर ज्यानं आखली त्या ॲलेक इसिगोनिसचा मोठा आधार वाटला. 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात मायनर लोकांसमोर यायच्या थोडं आधी, पूर्ण झालेला नमुना त्याला अरुंद वाटायला लागला. त्यानं तो लांबीतून कापायला लावला आणि दोन्ही भाग हळूहळू दूर सरकवत नेले. डोळ्यांना बरोबर वाटलं तिथे थांबले. अंतर भरलं चार इंच. बंपर आधीच तयार होऊन पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत तेही मधोमध कापून वर पट्टी मारावी लागली. बॉनेटच्या मधून जाणारी सपाट पट्टी त्या चार इंचांचीच खूण. मी लहानपणी त्या पट्टीवरून बोट फिरवत असे. ही गाडी जन्मायच्या आधीच एकदा कापून जोडलेली आहे, असं स्वतःला सांगून चौथ्या रविवारी मी ग्राइंडर सुरू केला.

वेल्डिंग मी या गाडीसाठीच शिकलो. आधी दोन महिने भंगारातल्या पत्र्यांवर. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढता येत नाही. उष्णतेनं पत्रा लाटेसारखा उचलतो, नाहीतर भोक पडतं, आणि भोक बुजवायला गेलं की ते मोठं होतं. म्हणून एक ठिपका इथे, पुढचा दूर तिकडे, मग दोन्ही निवेपर्यंत थांबायचं. त्यानंतर मधल्या जागेत तिसरा. हाताच्या पंज्याएवढं ठिगळ बसवायला दुपार जाते. पेट्रोलची टाकी मी सर्वांत आधी उतरवून दूर नेऊन ठेवली होती. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात राहिलेल्या वाफेचा भडका उडतो. पाण्याची बादली नेहमी जवळ. काळ्या काचेतून पाहताना बाकीचं सगळं जग नाहीसं होतं आणि तांदळाएवढा एक उजेड उरतो. काच वर केली की कळायचं, बाबा केव्हाचे येऊन दाराशी खुर्चीत बसलेत. ते काही बोलत नसत. ठिणग्यांकडे पाहू नका म्हटलं तर खिडकीकडे तोंड करून बसत, पण उठत नसत.

आणि मी दर वेळी त्या पितळी पत्र्याकडे पाहायचो. पुसून, फडताळात उभा करून ठेवला होता तो. चकाकत असायचा.

सांगावं का, हा प्रश्न मला महिनोन्‌महिने छळत राहिला. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला, तुम्ही घातलेल्या सर्वांत चांगल्या ठिगळानं गाडीची जमीन गेली, हे सांगून काय मिळणार होतं? पत्र्याचं भोक बुजवायला त्या काळी त्यांना टिनाचा तुकडा पुरला असता. त्यांनी पितळ आणलं, कारण पितळ गंजत नाही. कडा गोल केल्या, कारण कुणाच्या पायाला लागू नयेत. वरून डांबर लावलं. दिसणार नव्हतं तरी खाचा एका ओळीत आणल्या. जाळीवर पुट्टी थापणाऱ्या माणसावर मी चिडू शकत होतो. इथे चिडायलाही जागा नव्हती. आणि कबूल करतो, कधीकधी मला बाबांचा रागही यायचा, विशेषतः कंबर धरून गाडीखाली पालथं पडलेलं असताना. ताडपत्रीचा, त्या गाठींचा, विचारल्यावाचून केलेल्या इतक्या काळजीचा. मग खाली उतरवलेल्या एखाद्या भागावर त्यांनी सुबक अक्षरात रंगवलेलं ‘डावा’ किंवा ‘उजवा’ दिसायचं आणि राग निघून जायचा. पूर्ण नाही, पण बराचसा.

थंडीच्या सुरुवातीला मी लहान सुटे भाग साफ करायला घेतले. बिजागऱ्या, हँडब्रेकचा दांडा, बॉनेटची कडी. त्यांना घासण्यापेक्षा विजेनं गंज काढणं सोपं. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. साफ करायचा भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला लावायचा आणि एक भंगार लोखंडी पट्टी धन टोकाला. दोन्ही एकमेकांना शिवू द्यायच्या नाहीत. पट्टी स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, तिच्यातल्या क्रोमियमनं पाणी विषारी होतं. दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायची, कारण बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो. चार्जर लावला की भागाभोवती बारीक फेस धरतो आणि काही तासांनी लाल गंज काळा, भुसभुशीत होऊन ब्रशनं निघून येतो. बाबांना हा टब फार आवडला. खुर्ची पुढे ओढून ते त्याच्यात डोकावून बसायचे.

“पट्टी बारीक झाली की,” ते एकदा म्हणाले.

“हो. ती झिजते. तिच्या जिवावर दुसरा भाग साफ होतो.”

थोडा वेळ ते बुडबुड्यांकडे बघत राहिले. “चार्जर नसला तरी झिजेल?”

मी हातातला ब्रश खाली ठेवला. “दोन्ही लोखंडंच आहेत, तर अशी नाही झिजणार. पण दोन वेगळे धातू असले, एकमेकांना लागून असले आणि ओल असली, तर एक झिजतो. चार्जर लागत नाही.”

त्यांनी टबावरून नजर काढली आणि फडताळाकडे पाहिलं. खूप वेळ. हायड्रोजनच्या बुडबुड्यांचा आवाज इतका बारीक असतो की एरवी ऐकू येत नाही. त्या वेळी येत होता.

“खाली रबर घालायला हवं होतं मी,” बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, “डांबर होतं ना? पण स्क्रूंच्या भोकांतून शिरलं असणार पाणी.” आणि मग, “तुला कधी कळलं?”

“काढला त्याच दिवशी.”

“आता काय घालतोयस?”

“लोखंडच. कापून, वेल्ड करून.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. एवढंच झालं. मी महिनोन्‌महिने ज्याला घाबरत होतो ते दहा मिनिटांतही संपलं नसेल, आणि त्यातली बहुतेक मिनिटं कुणी बोलत नव्हतं. पुढे चार दिवस ते गॅरेजमध्ये आले नाहीत. मी जेवताना विषय काढला नाही, त्यांनीही नाही. आईनं एकदा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी खुर्ची पुन्हा दाराशी होती.

नवी जमीन बसून आता वर्ष होत आलंय. इंजिन पूर्ण जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरांत तेल सोडलं आणि दर दोन दिवसांनी, जोर न लावता, हँडलनं चाचपत राहिलो. पाचव्या आठवड्यात ते केसभर हललं. उंबऱ्यांच्या पोकळ्यांत मी मेण फवारलंय, आणि तळाची पाणी वाहून जाणारी भोकं एकेक करून तारेनं मोकळी केलीत. गाडीवर आता ताडपत्री नाही. गॅरेजच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या झडपा उघड्या असतात, गाडीच्या काचा बोटभर खाली. धूळ बसते. बाबांना ते बघवत नाही. येता-जाता हातातल्या रुमालानं बॉनेट पुसतात, पण झाकायचं नाव काढत नाहीत. मागच्या महिन्यात बॅटरी जोडली. या गाडीत धन टोक सांगाड्याला जातं, ते मी तीनदा तपासलं. चावी फिरवली. पंप आधी घाईघाईनं टिकटिकला, मग सावकाश, मग गप्प झाला. बाबांनी डोळे मिटले होते. मी स्टार्टर ओढला नाही, अजून ब्रेकचं काम बाकी होतं.

परवा दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी बसवायला घेतली. ती ॲल्युमिनियमची आहे, खाली लोखंड. बाबांनी न विचारता सायकलच्या जुन्या ट्यूबमधून तिच्या मापाची पट्टी कापून आणली होती, कात्रीनं इतकी सरळ कापलेली की मला पुन्हा मापावी लागली नाही. शिवाय प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली घालायला रबराच्या बारीक चकत्या, एका डबीत. मी पट्टी ठेवली, ट्यूब खाली सरकवली, स्क्रू पिळत गेलो. पाच बसले तोवर माझ्या ध्यानात आलं की खाचा एका दिशेला येत आहेत आणि मी त्या आणतोय. सहावा घट्ट झाला तेव्हा त्याची खाच पाव फेऱ्यानं तिरकी राहिली. सैल करून सरळ केला असता तर पाणी शिरायला जागा झाली असती. मागून बाबा म्हणाले, “सैल नको ठेवूस. तो काढ, तिसऱ्या भोकातला तिथे लाव.”

मी दोन्ही काढले आणि अदलाबदल करून पिळायला घेतले.